कापड हलवणाऱ्या पोराचं वय

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा साठी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. मी गेल्या आठवड्यात पंचाहत्तर पुरी केली. म्हणजे आता मी तुमच्यापेक्षा चांगला बारा-तेरा वर्षांनी मोठा आहे, आणि तुम्हाला गुरुजी म्हणताना थोडं चमत्कारिक वाटतं. अर्थात पंचाहत्तर ही कागदावरची. खरी कधी झाली, का अजून व्हायची आहे, हे सांगणारं माणूस आता शिल्लक नाही. शाळेत घालायला आई मला घेऊन आली तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोरगं कवाचं?" ती म्हणाली, "नाचणीच्या काढणीतलं. धाकटी जाऊबाई गेली त्या साली." तुम्ही टाक दौतीत बुडवलात आणि म्हणालात, "म्हंजे एक जून." शाळा जूनमध्ये उघडायची, सहा पुरी लागायची, म्हणून आपल्या खोऱ्यातली सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली. यंदा एक जूनला सकाळी मुलीचा परदेशातून फोन आला, नातवानं इंग्रजीत काहीतरी गाणं म्हटलं. त्यानंतर दिवसभर कुणाचा फोन नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी साताऱ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून अजिंक्यताऱ्याकडे बघत असताना मनात आलं की तुम्हाला लिहावं. लिहायचं तेव्हा लिहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आपलं जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, तेही कागदावर. तुम्ही मला साताऱ्याच्या बोर्डिंगात आणून सोडलंत आणि परत फिरताना मागं बघितलं नाहीत, याचा मला फार दिवस राग होता. वकिलीची सनद मिळाली तेव्हा तुम्ही खास साताऱ्याला आलात, मला दुकानात घेऊन गेलात आणि काळे बूट घेऊन दिलेत. एक नंबर मोठे. मी म्हटलं, "गुरुजी, मी चोवीस वर्षांचा आहे, आता पाय वाढायचे नाहीत." तुम्ही म्हणालात, "आसू दे. तंगपेक्षा सैल बरं." पुढं चार वर्षं मी त्यात कापूस कोंबून कोर्टात चाललो. त्याच उन्हाळ्यात काळा कोट घालून मी गावाकडं आलो होतो. लाँचच्या धक्क्यावर एक म्हातारा कोर्टाला 'कोरट' म्हणाला आणि मी हसून त्याला दुरुस्त केलं. तुम्ही चारचौघांत मला म्हणालात, "आदी त्यो कोट काढ, मग बोल." मे महिन्यात कोट घालून आलो होतो, घामानं निथळत होतो, तरी तुमच्यावर चिडलो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, असं तुम्ही मला नेहमी चिडवायचात, आणि मी म्हणायचो, मग वकिलांनी खायचं काय.

पाणी आल्यावर निम्मं गाव लांब पुनर्वसनात गेलं आणि निम्मं डोंगराच्या वरच्या अंगाला सरकलं. तुम्ही वर सरकलेल्यांबरोबर राहिलात. देवळाच्या पडवीत शाळा भरायला लागली. रस्ता बुडालेला, त्यामुळे बाजार, दवाखाना, लग्न, मयत सगळं लाँचनं. हे मी तुम्हालाच कशाला सांगतोय? पण सांगतो, कारण आता हे ठाऊक असलेली माणसं कमी झाली, आणि मला स्वतःलाच ते क्रमानं लावून बघायचं आहे. त्या पाण्यावर एक रीत पडली होती. काठावरून कुणी कापड हलवलं की लाँचनं थांबायचं. धक्का असो नसो, माणूस ओळखीचा असो नसो. अडलेली बाई असेल, साप चावलेला असेल. कापड दिसलं आणि लाँच पुढं गेली असं कधी झालं नाही. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती. तरी ती त्या खोऱ्यातल्या प्रत्येकाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असायची.

आणि सत्तरच्या दशकात, ऐन लग्नसराईत, एका दुपारी एका पोरानं काठावर उभं राहून पांढरं कापड हलवलं. लाँच वळली. आत नवरीकडचं वऱ्हाड होतं. लाँच काठाला लागते न लागते तोच झाडीमागून एक होडी आली, तिच्यातून चार पुरुष चढले, एकाच्या हातात कोयता. बायकांच्या अंगावरचे दागिने उतरवले, ट्रंक घेतली. लाँच चालवणारा आडवा आला तर वल्ह्यानं त्याचा हात मोडला. सगळे होडीत बसून पलीकडच्या काठाला गेले आणि पोरगंही उडी मारून त्यांच्यात बसलं. आठ दिवसांत पाचही सापडले. त्या पाण्यावर लपणार कुठं? पुढाऱ्यासारखा जो होता तो त्या पोराचा सख्खा चुलता. पोराला बाप नव्हता, चुलत्याच्याच घरात वाढलेलं. लोकांचा सगळ्यात जास्त राग कोयतेवाल्यावर नव्हता, कापडवाल्यावर होता. पुढं महिनाभर लाँचवाले कापड दिसलं तरी थांबायला कचरत होते, आणि त्यात वरच्या वाडीतली एक बाळंतीण दगावली असं लोक सांगायचे. खरंखोटं मला कळलं नाही.

साताऱ्यात त्या खटल्याची फार चेष्टा झाली. बाररूममध्ये वकील म्हणायचे, समुद्र नाही आपल्या जिल्ह्याला, पण समुद्री चाचे मात्र निघाले. आमचे साहेब सरकारी वकील होते आणि मी त्यांच्या हाताखाली, त्यांच्या फायली उचलणारा. मी त्याच खोऱ्यातला, तिथलं पाणी, तिथली बोली मला ठाऊक, म्हणून तयारीचं सगळं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. दोन साक्षीदार तुम्हीच तपासा, म्हणाले, आणि जमलं तर सहायक म्हणून तुमचं नाव वर पाठवतो. मी त्या वेळी एका खोलीत स्टोव्हवर भात करून खात होतो. माझ्यासाठी ही केस म्हणजे काय होती, ते तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं जड जातं.

अडचण एकच होती, पाचव्याचं वय. सोळाच्या आतलं पोर असेल तर त्याचा खटला आमच्या कोर्टात चालायचाच नाही. मुलांचं कोर्ट वेगळं, तिथून फार तर सुधारशाळा. सोळा पुरी असतील तर मोठ्यांबरोबर दरोड्याचं कलम आणि मोठ्यांबरोबर तुरुंग. पोरगं अंगानं थोराड, ओठावर लव. डॉक्टरनी हाडांचा फोटो काढून लिहिलं, पंधरा ते सतरा. म्हणजे डॉक्टरनं काहीच सांगितलं नाही. मग उरलं शाळेचं रजिस्टर. त्यात तारीख होती एक जून आणि वर्ष असं, की गुन्ह्याच्या दिवशी सोळा पुरी होऊन नऊ महिने उलटलेले. रजिस्टर शाबीत करायला समन्स निघालं ते तुमच्या नावानं. समन्सच्या मसुद्यावर तुमचं नाव मीच घातलं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, गुरुजी मला कोर्टात उभं राहिलेलं बघतील.

आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं तुम्ही आलात. पिशवीत नाचणीचं पीठ होतं. दिवेलागणीला तुम्ही माझा स्टोव्ह ताब्यात घेतलात, म्हणालात, "वकीलसाहेब, तुमी कांदा चिरा, पिठलं म्या करतो." मी खाली पाटावर बसून कांदा चिरतोय, तुम्ही भाकरी थापताय, तुमचा सदरा खुंटीला, पाठीवर बनियनला पडलेलं भोक मला दिसतंय. उद्या काय विचारणार, कसं विचारणार, हे मी तुम्हाला ऐटीत सांगतोय. तुम्ही भाकरी तव्यावर टाकता आणि माझ्याकडं न बघता म्हणता, "त्या पोराचं वय मी वाढवलंय रं."

मी विचारलं, "किती?"

"दीड वर्साच्या वर. संक्रांतीला झालेलं पोरगं त्ये. मी त्यांच्या घरला तीळगूळ खायला गेलो तवा आत बाळंतीण व्हती. माझ्या पक्कं ध्यानात हाय."

"मग रजिस्टरला असं कसं?"

"अठरा पोरं व्हती पटावर. वीस पायजे हुती, न्हाईतर साळा बंद करणार व्हते. मग ह्याला आन् खालच्या घरातल्या एका पोरीला आणून बसिवलं. साडेचार वर्साचं पोर, माझ्या मांडीवर झोपायचं आन् हजेरीला उठवायचं. लिवताना वाटलं, दीड वर्सानं कुणाचं काय बिघडतंय?"

तुम्ही भाकरी उलटलीत. "उद्या तू मला विचार. गुरुजी, ह्ये वय खरं हाय का, एवढंच विचार. मी सांगतो. न विचारता बोलाय गेलं की ते जजसायेब गप करत्यात, मागं एकदा बगितलंय मी."

माझं डोकं तेव्हा किती भरभर चाललं, याचं आजही आश्चर्य वाटतं. मी म्हटलं, "गुरुजी, खोटी नोंद केली म्हणून उलट तुमच्यावरच यायचं. पेन्शन आत्ता कुठं सुरू झाली. हात दाखवून अवलक्षण कशाला?" तुम्ही हसलात. "जाऊ दे की पेन्शन. एकटा जीव. मला लागतंय किती?" मी म्हणालो, "बघतो." बघतो हा वकिलाचा शब्द आहे. त्याचा अर्थ हो नाही आणि नाही पण नाही. तुम्ही मात्र तो ऐकलात तसा ऐकलात, पोरगं बघतो म्हणालं म्हणजे करणार. तुमचा चेहरा सैल झाला. पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीत, आणि मग माझ्या लहानपणीच्या कुठल्याशा खोडीवर इतकं हसलात की ठसका लागला. मी ताटातलं पिठलं बाजूला सारत होतो आणि म्हणत होतो, तिखट झालंय.

तुमच्या पेन्शनची काळजी मला वाटली, हे खोटं नाही. पण ते पुरं खरंही नाही. पोर सोळाच्या आतलं ठरलं असतं तर त्याच्यापुरता खटला कोलमडला असता, आणि तो कोलमडला असता माझ्याच साक्षीदारानं, माझ्याच प्रश्नावर. साहेबांनी पहिल्यांदा विश्वासानं सोपवलेलं काम. मला ती जागा हवी होती, गुरुजी. इतकी हवी होती की त्या रात्री तुम्ही शेजारी घोरत असताना मी मनाशी दहा वेळा म्हटलं, हे मी गुरुजींसाठी करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रश्न कागदावर उतरवले. पाच. पाचवा पेन्सिलीनं लिहिला. तुम्ही पिंजऱ्यात चढलात, टोपी सारखी केलीत, शपथ घेतलीत. मी विचारलं, हे रजिस्टर तुमच्या शाळेचं का? "व्हय." यातलं अक्षर तुमचं? "माझंच हाय." यात कुठं खाडाखोड आहे? "खाडाखोड न्हाई." आरोपी क्रमांक पाचची जन्मतारीख वाचून दाखवा. तुम्ही चष्मा लावून वाचून दाखवलीत, वर्गात वाचायचात तशी, खणखणीत. आणि मग चष्मा काढून माझ्याकडं बघत उभे राहिलात. पाटीवर गणित घालून उत्तराची वाट बघताना उभे राहायचात, अगदी तसे. मी म्हणालो, "एवढंच, साहेब."

आरोपींच्या वकिलानं उलटतपासणी घेतली. नवीनच माणूस होता, सरकारनं नेमून दिलेला. त्याला वाटलं, एक जून या तारखेतच गोम आहे. त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेतली किती मुलं एक जूनला जन्मली?" तुम्ही म्हणालात, "जवळजवळ समदी." कोर्ट हसलं. न्यायाधीश पण हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझीही एक जूनच आहे. दिवस सोडा, वर्षाचं काय ते विचारा." पण हशात त्या बिचाऱ्याचा धीर गेला आणि तो खाली बसला. तेव्हा तुम्ही न्यायाधीशांकडं वळून म्हणालात, "सायेब, मला एक सांगायचं हाय." न्यायाधीशांनी तुमच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. साक्षीदार आमचा होता. "काही विचारायचं आहे का?" मी उठलो. गुरुजी, दार सताड उघडं होतं. मी म्हणालो, "नाही, साहेब. साक्षीदार वयस्कर आहेत, लांबून आलेत." इतक्या अदबीनं बोललो की सगळ्यांना माझं कौतुक वाटलं असेल. शिपाई तुम्हाला म्हणाला, "या गुरुजी, उतरा खाली." तुम्ही उतरलात. माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबलात आणि बाहेर गेलात. मधल्या सुट्टीत मी धावत खोलीवर आलो तर पिशवी नव्हती. नाचणीचं पीठ डब्यात भरून ठेवलेलं होतं.

शिक्षा सुनावली त्या दिवशी तुम्ही नव्हतात, म्हणून सांगतो. न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. समोर आलं त्यावर त्यांनी निकाल दिला, आणि समोर काय आणायचं ते आमच्या हातात होतं. ते म्हणाले, समुद्रावर ज्याला चाचेगिरी म्हणतात तेच हे आहे, पाणी गोडं आहे एवढाच फरक. आणि म्हणाले, भर पाण्यात माणसाला माणसाचाच आधार असतो, कापड हलवल्यावर थांबायचं या भरवशावर ते खोरं जगतं, तो भरवसा या लोकांनी लुटला, दागिने त्या मानानं किरकोळ. चौघांना सात-सात वर्षं सक्तमजुरी. पाचव्याला, त्याचं वय लक्षात घेऊन, चार. त्याच्या वकिलानं त्याला पोरांच्या तुरुंगात ठेवावं म्हणून विनवलं, ते मानलं गेलं नाही. काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर पोरगं म्हणालं, "चुलता म्हनला कापड हलीव, म्या हलीवलं." मग म्हणालं, "लाँच थांबंल आसं मला वाटलं न्हवतं." का वाटलं नव्हतं, ते कुणी विचारलं नाही. त्याची आई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ती मला आपल्या खोऱ्यातला म्हणून ओळखत होती. म्हणाली, "दादा, त्याला येगळं ठिवत्याल न्हवं? लय भितंय ते रातचं." मी म्हटलं, "ठेवतील." सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं साहेब जिना उतरताना म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

माझं नाव वर गेलं. जागा मिळाली. दोन दिवाळ्या मी गावाकडं आलो नाही, तुमच्या समोर यायचं धाडस नव्हतं. मग एक कार्ड आलं, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात. 'मी आता सांगलीत असतो. घाटाजवळ खोली घेतली आहे. तुझे येणे झाले तर ये. भात करत जा, हॉटेलचे खाऊ नकोस.' सांगलीत का, ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. मी त्या वर्षात दोनदा सांगलीला कामासाठी गेलो, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. तिसऱ्या वर्षी दुसरं कार्ड आलं ते तुमच्या घरमालकिणीचं. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले होते. कार्ड मी कोर्टाच्या कोटाच्या खिशात घातलं, कारण त्या दिवशी मला युक्तिवाद करायचा होता. केला. जिंकलो.

पुढं मीच न्यायाधीश झालो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. वेगवेगळ्या जिल्ह्यांत बावीस वर्षं लोकांना शिक्षा सुनावल्या. कुठल्याही पोराची एक जून समोर आली की मी विचारायचो, वर्ष कुणी सांगितलं, त्या माणसाला बोलवा. माझे कारकून वैतागायचे. वकील म्हणायचे, साहेबांना एक जूनचं खूळ आहे. त्यामुळे काही पोरं वाचली असतील, पण त्यानं माझ्या मनाला काही बरं वाटलं नाही. बायकोलाही हे मी कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं किती वेळा विचारलं असेल, तुमचे ते गुरुजी कसे होते हो, आणि मी दर वेळी त्या बुटांची गोष्ट सांगितली. ती हसायची. तिला ती गोष्ट आवडायची. ती गेल्यावर आता घरात ती गोष्ट विचारणारंही कुणी नाही.

गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो. एकटाच. काम काही नव्हतं. तुमच्या कार्डावरचा पत्ता अजून होता माझ्याजवळ. घाटाजवळचं ते घर उभं आहे. घरमालकीण कधीच गेली, तिचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला तुम्ही चांगले आठवता. म्हणाला, तुम्ही सांगलीला आलात ते तुरुंगातल्या एका पोरासाठी. पहिलं वर्ष ते पोर दुसरीकडं, एका मोठ्या तुरुंगात होतं, तिथं तुम्हाला भेटू दिलं नाही. सांगलीला आणल्यावर तुम्ही अर्ज-विनंत्या करून दर रविवारी कैद्यांना शिकवायची परवानगी काढलीत. त्या पोराला सातवीच्या परीक्षेला बसवलंत. आणि ते सुटायच्या दोन महिने आधी गेलात. "ते पोरगं अजून येतं," मुलगा म्हणाला. "आता पोरगं कसलं, म्हातारा झालाय. आष्ट्याला सुतारकाम करतो. गुरुजी गेले त्या दिवशी दरसाल येतो, उंबऱ्याला हार घालतो आन् जातो."

मी आष्ट्याची गाडी पकडली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. साठी उलटलेला, अंगानं सुटलेला माणूस चौकटीला रंधा मारत होता. मी म्हटलं, मी गुरुजींचा जुना विद्यार्थी. बस्स. रंधा टाकून त्यानं माझे पाय धरले. स्टूल पुसून दिलं, घरात ओरडला, "आवं, च्या टाका, आपल्या गुरुजींकडचं पाव्हणं आल्यात." माझं नाव विचारलं नाही, मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? तेव्हाचा मी म्हणजे एक काळा कोट. चहा येईपर्यंत तो तुमच्याबद्दलच बोलत होता. तुरुंगातल्या पहिल्या वर्षाबद्दल मी विचारलं तर म्हणाला, "ते न्हाई सांगत कुणाला. बायकूला बी न्हाई." आणि रंधा उगाच हातात घेऊन परत खाली ठेवला.

मग तो म्हणाला, "गुरुजी पैल्यांदा भेटाय आले तवा जाळीपल्याड हात जोडून हुबं राहिलं. म्हनलं, तुजं वय मी चुकीचं लिवलं, तू हितं माज्यामुळं हाईस. मला काय कळंना. मोठा मानूस रडतोय म्हणून मी बी रडाय लागलो." मी विचारलं, कोर्टात सांगितलं का नाही त्यांनी? तो म्हणाला, "मी बी इचारलं हुतं, मागनं. तर म्हनले, माजं धाडस झालं न्हाई रं. भ्यालो मी. कोर्टात उभं राहिलो आन् भ्यालो." मग हसला. "गुरुजी आन् भ्याले! पर मी त्यास्नी म्हनलं, जाऊ द्या, समदीच भित्यात. मी कवाच माफ केलं त्यास्नी. तुमी सांगा, करायला नगं का?"

गुरुजी, तुम्ही भ्यालात असं तुम्ही त्याला सांगितलंत. तुम्ही सगळ्या कोर्टासमोर न्यायाधीशांना म्हणालात की मला एक सांगायचं आहे, आणि चाळीसहून जास्त वर्षं त्या माणसाला वाटतंय की त्याचे गुरुजी भित्रे होते. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत, तुरुंगात नाही, मरताना नाही, कधीच नाही. आणि मी त्याच्या दुकानात, त्यानं पुसून दिलेल्या स्टुलावर बसलो होतो, आणि म्हणालो, "हो, करायलाच हवं." चहा गोड होता. आणखी अर्धा कप घेतला. निघताना त्यानं दुकानाचं कार्ड दिलं, म्हणाला, कवा बी या, तुमी आपलंच.

कार्ड इथंच टेबलावर आहे. त्यावर त्याचा पूर्ण पत्ता आहे, पिनकोडसकट. हे पत्र खरं म्हणजे तिकडं जायला हवं. मी दोनदा तसं सुरू केलं, दोन्ही वेळा पहिल्या ओळीत अडकलो, आणि मग तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, कारण तुम्ही वाचणार नाही.